बारावं वर्तुळ

१२ जानेवारी १९८७, सोमवार

पोचलो एकदाचा. गाडी तासभर उशिरा, डब्यातली शेगडी बंद, आणि उतरून पाहतो तर फलाटाबाहेर बर्फ माझ्या खांद्याएवढा. तरी मन खुशीत आहे. नवी वही सुरू करायला याहून चांगला दिवस कुठला?

स्टेशनवर नोसेबाई घ्यायला आल्या होत्या. विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्रात कचेरी त्याच चालवतात. बस येईपर्यंतच्या दहा मिनिटांत त्यांनी माझं वय (एकोणचाळीस), माझं लग्न (मोडलेलं) आणि माझी जुनी नोकरी (औषधांच्या गोदामात बारा वर्षं) सगळं काढून घेतलं. वर म्हणाल्या की हिगाकी-सान, तुम्ही दिसता अगदी गोदामातल्या माणसासारखेच, कुणी न हलवलेल्या खोक्यासारखे. मी म्हटलं, तशाच माणसाची जाहिरात होती ना. मग बसमध्ये आमचं जमलं.

मला दिलेल्या खोलीचे नळ गोठून फुटलेत, त्यामुळे उन्हाळा लागेपर्यंत मी मुकाईकाकूंकडे राहणार आहे. ज्यांच्या जागी मी आलो ते मुकाई-सान ४ डिसेंबरला वारले. त्यांची खुर्चीही माझी आणि त्यांच्या घराचा वरचा मजलाही माझा. मला जरा संकोच वाटत होता, पण काकूंनी दारातच तो घालवला. पासष्टीची, चिमणीएवढी बाई. कॉड माशाचं ऊन ऊन कढण, मुळ्याचं लोणचं, आणि भाताचा तिसरा वाडगा मी नको म्हणायच्या आत भरलेला. जेवण झाल्यावर त्या मागच्या खोलीत देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि नवऱ्याच्या फोटोला मोठ्याने सांगू लागल्या की अहो, तुमच्या जागी माणूस आलाय, खातो बरा. मीही जाऊन नमस्कार केला. मेलेल्या माणसाच्या फोटोकडे मला बघवत नाही, म्हणून डोळे मिटूनच केला.

माझी खोली बरोबर त्या खोलीच्या वर आहे. खालच्या शेगडीची ऊब फटींतून वर येते, त्यामुळे गादी भिंतीशी न घालता मधोमध घातली आहे. छान झोप लागेल.

१३ जानेवारी, मंगळवार

कोठार पाहिलं. अर्धं जमिनीखाली, दारं दोन, कुलपं दोन. एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी विभागप्रमुख कात्सुराडांकडे, म्हणजे एकट्याला आत जाताच येत नाही. आत लाकडी फळीवर शिशाचे अकरा डबे. दिसायला मिठाच्या बरण्यांसारखे, उचलायला गेलं तर कंबर लचकावी असे. प्रत्येकात बोटाच्या पेराएवढी धातूची कुपी, आणि त्या कुपीत ते किरणोत्सारी द्रव्य. भाताच्या बियाण्यावर त्याचा मारा करून नव्या जाती काढायच्या, हे इथलं काम वीस वर्षं चाललंय. झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांवर मुकाई-सानांचा लाल शिक्का. रोज सकाळी डबे मोजायचे, अकरा लिहायचे, दोघांनी शिक्के मारायचे. डबा उघडायचा नाही. मुकाई-सानांनी बंद केलेला डबा उघडणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं प्रमुखांनी मला हळू आवाजात समजावलं.

कात्सुराडा गोड माणूस आहे. बूट चकाचक, आवाज कधी चढत नाही. चहा पिताना त्यांनी मला या नोकरीचं सार सांगितलं. एक डबा कमी भरला तर चोरी झाली म्हणता येतं. पण एक जास्त भरला, तर आपण इतकी वर्षं सरकारला खोटं लिहून दिलं असं होतं. परवाना जातो, कुलगुरूंना कॅमेऱ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागावी लागते. म्हणून आकडा जुळला पाहिजे. मी म्हटलं, गोदामात बारा वर्षं हेच केलं.

छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. आत फिल्म असते. महिनाभर अंगावर किती किरण पडले ते तिच्यावर उमटतं, मग ती तोक्योला तपासायला जाते. तो कोटाला लावला आणि वाटलं, आपण कुणीतरी झालो.

१८ जानेवारी, रविवार

मुकाई-सानांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी तीन दिवस आधीच उरकला, कारण पाहुण्यांना रविवार सोयीचा. बौद्ध पुजारी आले, खोली भरली, मी बाहेर चपला लावत बसलो. शेजारणींनी मला सगळी हकिगत सांगितली. डिसेंबरात सरकारी तपासणी होती, तिच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन ते छपरावरचं बर्फ ओढायला चढले, उतरले, पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. हृदय. सगळे हळहळले आणि मग पोटभर जेवले.

जेवताना काकूंची थट्टा चालली होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तुला दिलं काय, तर मुळा किसायची किसणी. काकूही हसल्या. म्हणाल्या की यंदा वसंतात चाळीस पूर्ण होणार होती, तेव्हा चांदीचं काहीतरी करीन असं कबूल केलं होतं त्यांनी.

त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही. हाताची बोटं लाल झालीत, टोकांना सोललीत. थंड पाण्यात हात घालू नका, हिवाने फुटलीत, असं शेजारीण ओरडली. भांडी मी घासली.

२९ जानेवारी, गुरुवार

काकूंना अन्न नकोसं झालंय. सकाळी उलटी झाली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले दुःख आहे, वेळ लागेल. सगळं गावच तसं म्हणतंय, मुकाईंची तोमिए नवऱ्यामागे चालली. सकाळ-संध्याकाळ त्या देव्हाऱ्यापुढे बसतात, आणि आता दुपारीही. जमिनीतून त्यांचं बोलणं मला ऐकू येतं. हिगाकी-सान आज उशिरा आले, कोबी महागला, असलंच सगळं.

मलाही थकवा वाटतो. हवा बदलली की होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तोक्योहून दूरध्वनी आला. माझ्या जानेवारीच्या बिल्ल्यावर जे उमटलंय ते माणसाला वर्षभरात चालतं त्याच्या दुप्पट आहे. तिथल्या माणसाने आकडा दोनदा वाचला. नोसेबाईंनी तो लिहून घेतला आणि पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही.

कात्सुराडांनी मला बसवलं, चहा दिला. बिल्ला कचेरीतल्या खुंटीवर टांगून घरी जाता ना, असं विचारलं. मी ओशाळलो. जुन्या नोकरीत नावाची पट्टी कधी काढत नसू, त्या सवयीने बिल्ला कोटालाच राहिला, रोज घरी आला आणि रोज परत गेला. प्रमुख हसून म्हणाले, मग झालं की, कुठेतरी उन्हात, शेगडीपाशी फिल्म खराब झाली. पण हसताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

बाकी कुणाच्याही बिल्ल्यावर काही नाही. कोठारात सगळ्यांत जास्त वेळ मीच थांबतो. म्हणजे कोठारातच काहीतरी आहे, आणि मी महिनाभर त्यात उभा राहिलोय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

किरण मोजायचं मापक घेऊन कोठाराचा कोपरा न् कोपरा तपासला. काटा हललासुद्धा नाही. डबे अकरा. पट्ट्या अकरा, शिक्के शाबूत. काहीच हरवलेलं नाही, काहीच फुटलेलं नाही.

हरवलं असतं तर बरं वाटलं असतं, हे मी लिहितोय, आणि खरंच लिहितोय. काहीच हरवलेलं नसताना माझ्या अंगावर हे कुठून आलं?

प्रमुखांनी आठवडाभर घरी राहायला सांगितलंय. कोठारापासून लांब राहा, अंथरुणात पडून आराम करा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस गादीवरून उठलो नाही. काकू मला पेज आणून देतात, स्वतः भिंत धरून जिना चढतात. मी खाली येतो म्हटलं तर ऐकत नाहीत.

मळमळतं. भीतीने मळमळतं की किरणांनी? कसं ओळखायचं? वास नाही, रंग नाही, ऊन लागल्यासारखंही काही नाही. हात उजेडात धरून बघतो. हात आपला नेहमीचाच दिसतो, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

इथे तरी मी सुरक्षित आहे. कोठार दीड मैल लांब.

२१ फेब्रुवारी, शनिवार

न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका. पांढरे, लांब. काकूंचे.

त्या डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, वय झालं. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते बाहीला टिपलं आणि माझी माफी मागितली.

दुःखाने केस जातात का? असे, मुठीने?

त्या तर कोठारात कधी गेल्याच नाहीत. त्या घराबाहेरच पडत नाहीत –

२३ फेब्रुवारी, सोमवार

घरी राहवेना म्हणून कामावर गेलो. प्रमुख मोजून निघून गेले, मी दाराशी रेंगाळलो. सकाळचं तिरपं ऊन वरच्या झरोक्यातून फळीवर पडलं होतं.

वीस वर्षांत शिशाच्या वजनाने लाकडात खळगे पडलेत. प्रत्येक डब्याखाली एक गोल. टोकाला, भिंतीकडे, एक गोल रिकामा. धूळही नाही त्यात.

मोजले. परत मोजले. डबे अकरा.

वर्तुळं बारा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नोसेबाईंना विचारलं, मुकाई-सान तपासणीच्या आधी काय करायचे? सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या की दर वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी ते कापडात बांधलेलं काहीतरी जड घेऊन बसने घरी जायचे. इतकं जड, की ड्रायव्हर चिडवायचा, आजोबा, लोणच्यावर ठेवायचा दगड कचेरीतून चोरला काय. ते म्हणायचे, पाहुणा आहे, दोन दिवस घरी नेतो. तपासणी संपली की गाठोडं परत यायचं.

मग त्या थांबल्या. म्हणाल्या, यंदा नेलं होतं. मग ते वारलेच ना.

मी कोट चढवला आणि बाहेर पडलो.

बारावा डबा कुठल्यातरी जुन्या प्राध्यापकाचा असणार, कागद नसलेला. कोठाराच्या वहीत तो नाही, म्हणून तो असायलाच नको. दर वर्षी दोन दिवस तो मुकाई-सानांच्या घरी राहायचा, बंद झाकणाखाली, कुणाला काही न करता. आणि यंदा –

मी त्या घरात झोपतो. सहा आठवडे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी मापक कोटाखाली घालून घरी आलो. बसथांब्यावर काटा शांत. फाटकाशी हलला. दारात टकटक सुरू झाली. जिन्यात –

जिन्यात मी बसलो. मग उतरून मागच्या खोलीत गेलो.

काकू देव्हाऱ्यापुढे होत्या. मापकाचा काटा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. बटण पुढच्या टप्प्यावर फिरवलं. मग त्याच्या पुढच्या. हाताच्या अंतरावरचा आकडा वाचला. लिहवत नाही. डोक्यात आहे, जाणार नाही.

फोटोपुढे भाताच्या वाटीशेजारी छोटी बशी. बशीत ती कुपी. बोटाच्या पेराएवढी, चकचकीत. बारावा डबाही तिथेच, राखेने काठोकाठ, त्यात उदबत्त्या खोचलेल्या. पहिल्या दिवशी हे माझ्यासमोर होतं. मी डोळे मिटले होते.

काकूंना विचारलं. म्हणाल्या, वर्षअखेरच्या साफसफाईत त्यांचं गाठोडं सोडलं. डबा उघडला. त्यांनी चांदीचं काहीतरी करीन म्हटलं होतं ना. रोज सकाळी त्या पुसतात. हातात धरतात. बोलतात.

काय आहे ते सांगितलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, वर तुम्ही झोपायचात, तुम्हाला त्रास झाला का?

उठवायला गेलो तर हातातच कोसळल्या. पाठीवर घेतलं. काहीच वजन नाही. रुग्णवाहिका. रुग्णालयातून सवयीने पहिला फोन प्रमुखांना केला. साहेबांना आधी कळवायचं, हेच शिकलोय. हे मी केलं.

ते म्हणाले, कुणाशी बोलू नका. काही लिहू नका.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर रुग्णालयातच होतो. सकाळी घरी गेलो.

देव्हारा स्वच्छ. बशी धुऊन पालथी. डबा नाही, राख नाही. दारात ठेवलेलं मापक नाही. नवी फुलं वाहिलेली.

कोठारावर गेलो. नोसेबाई रजेवर. त्यांची खुर्चीही आत ढकललेली. फळीवर पांढरा जाड कागद पसरलाय, नवा, कडा खिळ्यांनी ठोकलेल्या. त्यावर अकरा डबे. खाली गोल आहेत की नाहीत, दिसत नाही.

प्रमुखांनी माझा खांदा थोपटला. मी थकलोय म्हणाले. बारावा डबा कधी नव्हताच. पाहिजे तर मोजा.

मी मोजले. अकरा.

क्षणभर मलाच वाटलं –

नाही. काकूंचे केस. काकूंची बोटं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार. रुग्णालय

काकू शुद्धीवर नाहीत. इथल्यांनी अशक्तपणा लिहिलाय, सलाईन लावलंय. मी तीनदा सांगितलं. त्यांनी विद्यापीठाला विचारलं. विद्यापीठ म्हणालं, हा माणूस मानसिक ताणामुळे रजेवर आहे.

मग नव्या डॉक्टर आल्या, सेगावा. रक्ताचा कागद बघितला. बोटं बघितली, बराच वेळ. असे हात त्यांनी पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेत. दार लावून घेतलं, म्हणाल्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवते, पण किरणांच्या बाधेवर उपचार करणाऱ्या चिबाच्या मोठ्या रुग्णालयाला आकडा लागतो. किती, किती अंतरावरून, रोज किती तास. त्यावर उपचार ठरणार. चुकीचा उपचार झाला तर काकूंच्या हाती दोन दिवसही नाहीत. लिहून द्या, सही करा. त्या विमानाचं बघायला गेल्यात, पाच मिनिटांत येतात. कागद नाही, म्हणून याच वहीत –

कात्सुराडा आलेत. बूट चकाचक. शेजारी बसलेत. वही मागतायत, गोड आवाजात. दोन माणसं दारात.

म्हणतात, मुकाई-सानांचं नाव खराब होईल. काकूंना ते आवडेल का. तुमच्या स्वतःच्या तपासणीचंही आम्ही बघू.

मी म्हटलं, एवढी ओळ पुरी करतो. ते हसले.

लिहितो. ज्याला ही वही मिळेल त्याने डॉ. सेगावांना द्यावी. तोमिए मुकाई, पासष्ट. डिसेंबरअखेरपासून पंचवीस फेब्रुवारीपर्यंत. आधी रोज दोन तास, जानेवारीच्या शेवटापासून चार ते पाच. रोज सकाळी हातात धरून अंदाजे –

पानावर हात ठेवलाय त्यांनी. हाताखालून लिहितो. रोज अंदाजे दोन मिनिटं. समोर बसल्यावर अंतर एक हात. तिथे काट्याने दाखवलेला आकडा